८४५, जीव्ही आणि नसलेला स्लॉट

२००३ सालचं एक कोटेशन माझ्या जुन्या फाइलमध्ये अजून आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानाच्या पॅडवर बॉलपेनने लिहिलेलं. पी-फोर २.४, ८४५, २५६ एमबी, ४० जीबी, सीडी-रॉम, फ्लॉपी, १५ इंची मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड-माऊस, स्पीकर. खाली रेघ मारून 'युपीएस वेगळा'. प्रोसेसरचा वेग अगदी दशांश चिन्हासकट लिहिलाय, मॉनिटरचे इंच लिहिलेत, स्पीकरसुद्धा विसरलेला नाही. आणि ज्या एका वस्तूवर बाकी सगळं बसणार होतं, तिच्यासाठी फक्त तीन आकडे. ८४५.

मंडळी, त्या तीन आकड्यांच्या पुढे एखाद-दोन अक्षरं असायला हवी होती. इंटेलने २००१ ते २००२ या काळात ८४५ या नावाची एक नाही, सात-आठ भावंडं बाजारात आणली होती. साधा ८४५, मग डी, ई, जी, जीएल, जीई, पीई, जीव्ही. दिसायला सगळी सारखीच, पण जीएल आणि जीव्ही या दोघांना ग्राफिक कार्डाचा स्लॉट नव्हता. म्हणजे आज नाही आणि पुढेही कधी नाही. आपल्याकडे घरगुती कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्या (किंवा खेळू न शकलेल्या) एका अख्ख्या पिढीची गोष्ट या दोन अक्षरांत आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी मदरबोर्ड म्हणजे काय, ते आपल्या पनवेलच्या भाषेत सांगतो. नवीन पनवेलला सिडकोच्या बैठ्या घरात राहिलेल्यांना पटकन कळेल. घर घेताना भिंतीचा रंग सगळे बघतात, टाइल्स सगळे बघतात. पण उद्या वर एक मजला चढवायचा झाला तर पाया तेवढा घेतलाय का आणि परवानगी मिळेल का, हे विचारणारा एखादाच. मदरबोर्ड हा तो पाया आणि ती परवानगी दोन्ही आहे. प्रोसेसर कुठला बसेल, रॅम किती आणि कुठल्या जातीची, ग्राफिक कार्ड लागेल का, लागलं तर त्याला रस्ता किती रुंद मिळेल, हे सगळं त्या हिरव्या (हल्ली काळ्या) पाटीवर खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेलं असतं. प्रोसेसर बदलता येतो, रॅम वाढवता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे घर पाडून पुन्हा बांधायचं.

आणि हे 'पुढे वाढवता येईल' प्रकरण तसं फार जुनंही नाही. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्याच्या बोर्डावर पाच मोकळे स्लॉट होते. नुसते स्लॉट देऊन आयबीएम थांबली नाही. त्या मशीनचं सर्किट आणि बायॉसचा कोड तिने तांत्रिक पुस्तिकेत चक्क छापून टाकला, म्हणजे बाहेरच्या कोणालाही त्यात बसणारं कार्ड बनवता यावं. कार्डं तर आलीच, पण दोनेक वर्षांत हुबेहूब तशी मशीनंही आली. तैवानमध्ये गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ साली, असूस १९८९ साली सुरू झाल्या आणि बोर्ड ही सुट्टी विकत मिळणारी वस्तू झाली. कुठल्याही एका कंपनीचा शिक्का नसलेला, जुळवलेला, म्हणजे आपल्या भाषेत 'असेंबल्ड' कॉम्प्युटर इथून सुरू होतो.

आपल्याकडे १९८४ च्या संगणक धोरणाने दार किलकिलं झालं आणि १९९१ नंतर उघडलं. मुंबईत या व्यापाराचं बस्तान बसलं ते लॅमिंग्टन रोडवर. रेडिओचे सुटे भाग, व्हॉल्व्ह, अँप्लिफायर, स्पीकर असला माल तिथे आधीपासूनच मिळायचा, त्यामुळे कॉम्प्युटरचे सुटे भाग तिथेच रुळले यात नवल नाही. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला होतं. पाट्यांवर तो आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला असं सांगून बघा.

पनवेलकरांसाठी या इतिहासातलं सगळ्यात मोठं साल १९९८. त्या वर्षी हार्बर लाइन बेलापूरहून पुढे पनवेलपर्यंत आली आणि लॅमिंग्टन रोड एका रिटर्न तिकिटाच्या अंतरावर आला. सीएसटीला उतरून टॅक्सी करा, नाहीतर कुर्ला, दादर असं दोनदा बदलून ग्रँट रोडला उतरा. जाताना खिशात पैसे आणि एक चिठ्ठी. येताना तो अवजड काचेचा मॉनिटर सामानाच्या डब्यात, कॅबिनेटचं खोकं मांडीवर आणि वडिलांचा चेहरा असा की जणू सोनं घेऊन चाललोय. गंमत बघा, तैवान-चीनहून समुद्रमार्गे येणारा माल उतरतो तो न्हावा-शेवाला, म्हणजे पनवेलच्या उशाशी. पण बोर्ड आणायला आपण जायचो तो पार मुंबईत, आणि ज्या खाडीच्या अलीकडून गेलो त्याच खाडीवरून परत!

पनवेलमध्ये दुकानं नव्हती असं नाही. टपाल नाक्याच्या आसपास, नवीन पनवेलला स्टेशनबाहेर कॉम्प्युटरवाले होतेच. पण बहुतेकांचा माल तिथूनच यायचा आणि तो 'चॉइस' देत नसे. जे आहे ते हे.

आता त्या काळात मदरबोर्ड निवडायचा म्हणजे नक्की काय करायचं? नव्वदीच्या मध्याला हे काम त्यातल्या त्यात सोपं होतं. सॉकेट ७ नावाची एक बैठक होती, तिच्यात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचे के-५ आणि के-६ बसत, सायरिक्सही बसे. एकच बोर्ड, तीन कंपन्यांचे प्रोसेसर. आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल. मग १९९७ मध्ये पेंटियम टूबरोबर इंटेलने स्लॉट १ आणला आणि त्याच्या पेटंटचं कुंपण घातलं. पुढे एएमडीने आपली वेगळी चूल मांडली. तेव्हापासून आजपर्यंत बोर्ड घेताना पहिला प्रश्न 'कुठल्या घराण्यातला?' हाच राहिला आहे.

याच काळातला एक बोर्ड जाणकारांच्या तोंडी अजून असतो. इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट, एप्रिल १९९८. त्यावर स्वस्तातला सेलेरॉन ३००ए बसवायचा, बसचा वेग ६६ चा १०० करायचा, की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर पळायचा. अर्ध्या पैशात महागड्या पेंटियम टूच्या पंगतीत! हे करणारी मंडळी लॅमिंग्टन रोडवर पण होती, आणि ती गिऱ्हाईक म्हणून आली की दुकानदार जरा सावरून बसत असत.

बीएक्सच्या बोर्डावर एजीपी स्लॉट होता. एजीपी हे इंटेलचंच अपत्य, खास ग्राफिक कार्डासाठी १९९७ मध्ये बोर्डावर आलेलं. साध्या पीसीआय स्लॉटचा रस्ता सेकंदाला १३३ एमबीचा, आणि त्यावर साउंड कार्ड, मोडेम, लॅन सगळ्यांची वर्दळ. एजीपी हा ग्राफिक कार्डासाठी वेगळा रस्ता, आधी २६६ एमबी, पुढे ४एक्समध्ये हजारावर आणि ८एक्समध्ये दोन हजारांवर. एक्सप्रेस-वेच म्हणा. थ्रीडी गेमना एवढी मोकळीक लागायला लागली होती.

आणि मग १९९९ मध्ये त्याच इंटेलने ८१० नावाचा चिपसेट आणला. चित्र दाखवायचं काम चिपसेटच्या पोटातच घातलं आणि एजीपी स्लॉट बोर्डावरून काढून टाकला. यामागचा हिशोब चुकीचा नव्हता हे कबूल करायला हवं. ग्राफिक कार्ड वाचलं, कॉम्प्युटर स्वस्त झाला. बँकेत, शाळेत, टॅली चालवणाऱ्या व्यापाऱ्याकडे आणखी काय पाहिजे? इंटेलची आय-७४० ही स्वतंत्र ग्राफिक चिप बाजारात फारशी चालली नव्हती, तिचाच वंश पुढे ८१० च्या पोटात गेला. म्हणजे जे सुटं विकलं गेलं नाही ते जोडून दिलं. पुढच्या वर्षी, २००० मध्ये, ८१५ आला, त्यात पोटातलं ग्राफिकही होतं आणि स्लॉटही. म्हणजे दोन्ही एकत्र देता येत होतं. तरीसुद्धा ८४५ च्या वेळी, ८६५ च्या वेळी आणि ९१५ च्या वेळीही स्लॉट असलेलं एक आणि स्लॉट नसलेलं एक अशी जोडी येत राहिली. ८४५जी ला आहे, ८४५जीएल आणि जीव्ही ला नाही. ८६५जी ला आहे, ८६५जीव्ही ला नाही. २००४ मध्ये एजीपी जाऊन पीसीआय एक्सप्रेस आलं, तर ९१५जी ला आहे आणि ९१५जीव्ही ला नाही. अक्षर तेच, वागणूक तीच.

हे अक्षर कोटेशनवर का नसायचं? मी बऱ्याच लोकांशी या विषयावर गप्पा मारल्यात. दुकानदार सगळे लुच्चे होते हे उत्तर मला पटत नाही. गिऱ्हाईकच ते विचारत नव्हतं हे खरं कारण. गिऱ्हाईक म्हणजे आम्ही मुलं नव्हे, पैसे देणारे. बोनस, सोसायटीचं कर्ज, नाहीतर पीएफमधून काढलेली रक्कम. त्यांच्या यादीत तीनच गोष्टी असायच्या. प्रोसेसर 'लेटेस्ट' हवा, बोर्ड 'ओरिजिनल' हवा, आणि वॉरंटी तीन वर्षं हवी.

या 'ओरिजिनल' शब्दाला तेव्हा एक खास अर्थ होता. बोर्डावरची मुख्य चिप इंटेलची, पण बोर्ड मर्क्युरीचा किंवा आणखी कोणाचा, असा माल खूप खपायचा. तो 'इंटेल चिपसेट'. आणि अख्खा बोर्डच इंटेल कंपनीचा, निळ्या खोक्यातला, तो 'ओरिजिनल'. शेजारच्या काकांचा ओरिजिनल म्हणजे आपलाही ओरिजिनलच पाहिजे. आता इंटेलचे आपल्याकडे खूप खपलेले बोर्ड बघा. डी८४५जीव्हीएसआर. नावातच जीव्ही! थोडक्यात, दोनशे-पाचशे जास्त देऊन, भरवशाचा म्हणून मुद्दाम घेतलेला ओरिजिनल बोर्ड गेमच्या दृष्टीने बंद गल्ली, आणि पलीकडच्या कमी प्रतिष्ठेच्या तैवानी बोर्डावर मात्र एजीपी स्लॉट, असं अनेक घरांत झालं. पुढे २००५ मध्ये तर चिपसेट कमी पडले म्हणून खुद्द इंटेलने डी१०१जीजीसी नावाचा बोर्ड काढला, त्यात चिपसेट होता एटीआयचा. बोर्ड ओरिजिनल इंटेल, आतली चिप कॅनडातल्या कंपनीची. ओरिजिनल शब्दाचा निकाल तिथेच लागला खरं तर, पण गिऱ्हाइकाला कोणी सांगितलं नाही.

आणि गेमचं नाव तर काढायचंच नाही. कॉम्प्युटर 'अभ्यासासाठी' येत होता. बारावी, मग इंजिनिअरिंग, सी शिकायचं, प्रोजेक्ट करायचं. ज्याला काउंटरवर वडिलांच्या समोर 'गेम चालतील का हो?' असं विचारायची सोय नाही, तो स्लॉट कसा मागणार? एजीपी हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला, 'ते कशासाठी लागतं?' आता याचं खरं उत्तर काय देणार.

मग घरी आल्यावर हळूहळू कळायचं. रोड रॅश चाले, एज ऑफ एम्पायर्स चाले, एनएफएसचे जुने भाग चालत. २००३ मधली व्हाइस सिटीसुद्धा रिझोल्यूशन खाली आणलं की ऑनबोर्डवर रडतखडत पळायची, आणि त्या काळी तेवढ्यावर आम्ही खूष. पण त्याच वर्षाच्या शेवटी प्रिन्स ऑफ पर्शियाचा 'सँड्स ऑफ टाइम' आला आणि सरळ नाही म्हणाला. ८४५ च्या पोटातल्या ग्राफिकला हार्डवेअर टी-अँड-एल नव्हतं, पिक्सेल शेडर नव्हते. म्हणजे थ्रीडी आकृत्या फिरवायचं, त्यांवर उजेड पाडायचं गणित प्रोसेसरने करायचं, आणि शेडरचं तर कोणीच नाही करायचं. (ज्यांनी एजीपीवर हौसेने जीफोर्स ४ एमएक्स बसवलं होतं त्यांनाही हा गेम नाहीच म्हणायचा. एमएक्समध्येही शेडर नव्हते. नाव चारचं, आतून दोनची बहीण. तो वेगळाच विषय.)

मग आमच्या पिढीची जुगाड विद्या सुरू झाली. थ्री-डी अ‍ॅनलाइझ नावाची एक छोटीशी फुकट युटिलिटी होती. ती गेमला सांगायची, 'आहे हो टी-अँड-एल, तू चालू तर हो'. गेम बिचारा विश्वास ठेवायचा. राजपुत्र दिसायचा, कधी काळा, कधी पांढरा, भिंतीवरून पळताना सेकंदाला आठ-दहा चित्रांच्या वेगाने. सीडीवरून सीडी कॉपी व्हावी तशी ही युटिलिटी कॉलेजात पसरली होती. मी पुढे जे काही प्रोग्रॅमिंग शिकलो त्यातला 'लेयर' म्हणजे काय हा धडा मला वर्गाआधी तिथे कळला, खोटं कशाला बोला.

दुसरा उपाय पैशांचा. पीसीआय स्लॉट तर होतेच, त्यांत बसणारी ग्राफिक कार्डं मिळायची. एमएक्स ४०००, एफएक्स ५२००. पण ती एजीपीवाल्या त्याच कार्डापेक्षा महाग, मिळायला दुर्मिळ, आणि रस्ता तोच १३३ एमबीचा. म्हणजे ज्याने बोर्डात पैसे वाचवले त्याने कार्डात जास्त भरले आणि वर वेगही कमी. आणि तिसरा उपाय म्हणजे बोर्ड बदलणे. तो करायला गेलं तर समजायचं की रॅमची जात बदललीय, प्रोसेसरची बैठक बदललीय. ४७८ पिनांची जागा २००४ मध्ये ७७५ ने घेतली, आणि एजीपीची पीसीआय एक्सप्रेसने. दोन वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरमधलं काय उरतं? कॅबिनेट आणि माऊस.

ज्यांच्याकडे एजीपी होता त्यांच्याही वाट्याला सगळं सुख नव्हतं. जुनी कार्डं ३.३ व्होल्टवर चालायची, ८४५ चे बोर्ड फक्त १.५ व्होल्टवाली घ्यायचे. स्लॉटमध्ये खाच वेगळ्या ठिकाणी ठेवून चुकीचं कार्ड बसूच नये अशी सोय केलेली होती, पण काही कार्डांना दोन्ही खाचा पाडलेल्या असत. मित्राकडून उसनं आणलेलं असं एखादं कार्ड बसवलं की बोर्ड कायमचा शांत.

इथे हवा आणि विजेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण कोकणपट्टीत मदरबोर्ड निवडण्यात त्याचाही वाटा आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य बोर्डांवरचे कॅपॅसिटर खराब निघाले. इलेक्ट्रोलाइटमध्येच दोष होता. वर्ष-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगायची, तपकिरी रस बाहेर यायचा आणि मशीन मनाला येईल तेव्हा बंद पडायचं. हे जगभर झालं, नावाजलेल्या कंपन्यांनाही चुकलं नाही. त्यात आमच्याकडे चार महिने पावसाची ओल, वर-खाली होणारा दाब आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यभर भारनियमन. व्हायरस आलाय म्हणून तीन-तीनदा फॉरमॅट मारलेली मशीन्स मी पाहिलीत, ज्यांचं दुखणं दोन फुगलेल्या कॅपॅसिटरचं होतं. जुन्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी मात्र हे बरोबर ओळखलं. सोल्डरिंग गन घेऊन ते पंधरा मिनिटांत कॅपॅसिटर बदलून द्यायचे, पैसे जेमतेम. कॉम्प्युटरवाले 'बोर्ड गेला, नवीन घ्या' म्हणायचे. त्यामुळे एक गोष्ट झाली. पुढे 'सॉलिड कॅपॅसिटर' हे शब्द बोर्डाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले जाऊ लागले आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा बोर्डाच्या गुणवत्तेबद्दल बोलायला लागलं.

बोर्ड परदेशातूनच यायचे असंही नाही बरं का. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्मार्टलिंक (आधीची डी-लिंक इंडिया) या कंपनीचा कारखाना होता, आणि तिचे 'डिजीलाइट' नावाचे मदरबोर्ड आपल्या बाजारात मिळत. ऑफिसला, सायबर कॅफेला चालतील असे साधे बोर्ड. गेमरने त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही, आणि मला वाटतं त्यात आपलं थोडं नुकसान झालं. कोकण रेल्वेच्या एका रात्रीच्या अंतरावर बोर्ड बनतात हे पनवेलमध्ये किती जणांना माहीत होतं?

हळूहळू बाकीची नावंही गळाली. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांची लाडकी अ‍ॅबिट २००८ संपता संपता बाजारातून गेली. जानेवारी २०१३ मध्ये खुद्द इंटेलने जाहीर केलं की डेस्कटॉपचे बोर्ड बनवणं आपण थांबवणार. 'ओरिजिनल' शब्द त्या दिवशी रिटायर झाला. स्लॉटचा प्रश्नही तोवर बराचसा सुटला होता. २००७ च्या स्वस्तातल्या जी३१ चिपसेटलाही ग्राफिकचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट होता, आणि आज दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डावर तो असतोच.

मग अक्षरांची भानगड संपली? छे. ती फक्त जागा बदलून बसलीय.

२०१७ मध्ये इंटेलने ३०० मालिकेचे बोर्ड आणले. सॉकेटचं नाव एलजीए ११५१, आधीच्या दोन पिढ्यांचंही तेच, पिनाही तेवढ्याच. पण नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालणार नाही. त्याच वर्षी एएमडीने रायझन आणला एएम४ सॉकेटवर, आणि ही बैठक आपण बरीच वर्षं चालवू असं सांगितलं. मे २०२० मध्ये त्यांनीच जाहीर केलं की पुढची पिढी फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालेल. कारणही दिलं, बायॉसच्या चिपमध्ये एवढ्या सगळ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. ज्यांनी 'पुढे अपग्रेड होईल' या शब्दावर बी४५० घेतला होता ते जगभर असे काही खवळले, की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने माघार घेतली. २०२२ मध्ये तर २०१७ चे ३०० मालिकेचे बोर्डही यादीत आले. म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या बी३५० बोर्डावर बायॉस बदलून ५८००एक्स-थ्रीडी बसवता येऊ लागला, जो त्या वेळी गेमसाठी जगातल्या सर्वोत्तम प्रोसेसरांपैकी एक होता. २००३ मध्ये आमच्यासाठी ओरडायला कोणी नव्हतं, कारण आम्हाला आपल्याकडे काय नाही हेच माहीत नव्हतं. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि जीव्हीचं भूत? जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त ग्राफिक कार्ड आलं. बसतं सोळा लेनच्या लांब स्लॉटमध्ये, पण आत फक्त चार लेन जोडलेल्या. बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ४.० चा असेल तर भागतं. ३.० चा असेल, म्हणजे ए५२० किंवा बी४५०, तर रस्ता निम्मा होतो आणि कार्डावर मेमरी चारच जीबी असल्याने बऱ्याच गेमना धाप लागते. बरं, बोर्ड बी५५० घेतला पण प्रोसेसर ५६००जी घेतला, तरी परत ३.० च. हा प्रोसेसर त्याच्यापुढे जातच नाही. स्वस्त कार्ड घेणारा माणूस बोर्डही स्वस्तच घेणार हे उघड आहे, म्हणजे फटका बरोबर त्यालाच. स्लॉट दिसतोय, कार्ड बसतंय, गेम सुरू होतोय, आणि तरी काहीतरी कमी आहे. जीव्ही निदान दिसत तरी होता.

आज पनवेलला बसून नवा गेमिंग कॉम्प्युटर जुळवणारा असेल तर त्याच्यासाठी ताजं उदाहरण एएम५ चं. २०२२ मध्ये आलेली ही बैठक २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने म्हटलंय, त्यामुळे मी स्वतः तिकडे झुकेन. पण नावं नीट वाचा. बी६५० आणि बी८४० समोरासमोर ठेवले तर कोण मोठा वाटतो? आठशे चाळीस. तो २०२५ मध्ये आलेला, नवा. पण त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही आणि चिपसेटकडून मिळणाऱ्या लेन ३.० च्याच, तर बी६५० मध्ये ओव्हरक्लॉकिंगही आहे आणि त्या लेनही ४.० च्या. नाव मोठं, लक्षण खोटं. बी६५० नंतर ई लागला तर ग्राफिकच्या स्लॉटला ५.० मिळतं, सध्याच्या बजेटवाल्या कार्डांना त्याची गरज नाही, त्यासाठी जास्तीचे पैसे मी देणार नाही. ते पैसे बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, चांगला जाड हीटसिंक असेल तिथे घालेन. एप्रिल-मेमध्ये पनवेलच्या वरच्या मजल्यावर, बिन-एसीच्या खोलीत, कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा अंदाज तैवानमधल्या एसी लॅबला नसतो.

आणि एक सोय आज सगळ्यांच्या हाताशी आहे. बोर्डाचं छापील मॅन्युअल सीलबंद खोक्याच्या आत असतं, म्हणजे पैसे दिल्यावर हातात येतं. पण बोर्ड ऑर्डर करायच्या आधीच कंपनीच्या साइटवरून त्याची पीडीएफ उतरवता येते. कुठला स्लॉट किती लेनचा, कुठल्या प्रोसेसरबरोबर ३.० आणि कुठल्याबरोबर ४.०, दुसरा एसएसडी लावला की कोणता पोर्ट बंद पडतो, असा तक्ता तिच्यात असतो. बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तो सुरुवातीच्या दहा-पंधरा पानांतच सापडतो.